गाडी अंग टाकते तेव्हा...

आमच्या आईला गाडी लागते. एस.टी. लागते, जीप लागते, लहानपणी म्हणे बैलगाडीसुद्धा लागायची. त्यामुळे दरवर्षी गणपतीला पुण्याहून चिपळूणजवळच्या आमच्या गावी निघायचं म्हणजे मागच्या सीटवर आई, तिच्या मुठीत लिंबू, पर्समध्ये आवळासुपारी आणि पायाशी प्लॅस्टिकच्या पिशव्या असा सगळा सरंजाम असतो. खंबाटकीपर्यंत ती गप्पा मारते. उंब्रजला महामार्ग सोडून पाटणच्या रस्त्याला लागलं की बोलणं कमी होतं. कुंभार्ली घाटाची वळणं सुरू झाली की ती डोळे मिटून घेते आणि मग गाडीत सगळेच गप्प होतात.

२०१२ साली मी एक चार वर्षं वापरलेली गाडी घेतली. घरगुतीच, चार दारांची, पाच माणसांची. पण इंजिन मात्र अंगात आल्यासारखं धावणारं. सरळ रस्त्यावर तिच्यासारखी तीच. वळण आलं की मात्र अशी झुकायची, की माझी मुलगी घसरत आजीच्या मांडीवर जायची. आमच्या मिस्त्रींनी एक चक्कर मारली आणि खाली उतरून दोन शब्दांत निदान केलं, ‘‘अंग टाकते.’’ मग म्हणाले, ‘‘आधी शॉकअप नि बुश बघू, साहेब.’’

मला ते फारच किरकोळ वाटलं. गाड्यांची मासिकं वाचणाऱ्या माणसाला बुश बदलण्यात कसला आलाय पराक्रम? मी या दुखण्याचा अभ्यासच करायला घेतला.

इंग्रजीत याला ‘बॉडी रोल’ म्हणतात. प्रकार तसा साधा आहे. वळणावर टायर रस्त्याला धरून गाडीला आत ओढत असतात. पण स्प्रिंगांवर बसलेलं टनभर वजन सरळ जाण्याच्या हट्टाला पेटलेलं असतं. टायर ओढतात ते जमिनीलगत आणि वजनाचा मध्य असतो जमिनीपासून पावणेदोन-दोन फूट वर. तेव्हा गाडी बाहेरच्या अंगाला कलणारच. या कलण्याला आवर घालायला बहुतेक गाड्यांत एक पोलादी दांडी असते, अँटी-रोल बार. ती एका बाजूच्या चाकाला दुसऱ्या बाजूच्या चाकाशी जोडते. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर ती नुसती फिरते. एक वर आणि एक खाली जाऊ लागलं, की मात्र ती पिळली जाते आणि त्या पिळण्याला विरोध करते. गंमत अशी, की तिचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरची भरीव दांडी २२ मिलिमीटरची केली तर डोळ्यांना फरक जाणवणार नाही, पण ताठपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो.

हे वाचलं आणि मला वाट सापडली! २०१४च्या जुलैत मुंबईहून एक जाड दांडी मागवून ती मागच्या चाकांसाठी बसवून घेतली. जोडीला आखूड आणि कडक स्प्रिंगा. गाडी दीड इंच खाली बसली. महिन्याचा पगार गेला. पण कोरड्या रस्त्यावर गाडी रुळावरून जावी तशी सपाट वळू लागली. स्पीडब्रेकरवर पोट घासायचं, खड्ड्यात मणके हलायचे, बायको काहीबाही बोलायची. मी ऐकत नव्हतो.

त्या वर्षी गणपतीला कुंभार्ली उतरताना पाऊस आणि धुकं दोन्ही होतं. वेग फार नव्हता, पण एरवीपेक्षा थोडा जास्तच होता. कारण गाडी झुकतच नव्हती, त्यामुळे किती जोराने वळतो आहोत ते जाणवत नव्हतं. डाव्या वळणाच्या मध्यावर पुढे रस्त्यात एक म्हैस दिसली. दचकून मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. त्याच क्षणी गाडीचं शेपूट सुटलं, उजवीकडे भिरकावलं गेलं आणि आम्ही रस्त्यात आडवे होऊन थांबलो. समोरून त्या वेळी काही येत नव्हतं. आम्ही वाचलो ते एवढ्याचमुळे. मुलगी रडायला लागली. बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही. मागून आई फक्त म्हणाली, ‘‘हळू रे.’’

इतक्या वर्षांत घाटात तिने तोंड उघडलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतर मात्र मी तीच पुस्तकं पुन्हा उघडली आणि या वेळी नीट वाचली. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार सरकणार, हे मुख्यतः चार गोष्टींवर ठरतं : गाडीचं वजन, ते किती उंचीवर आहे, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर आणि वळणाचा जोर. या यादीत दांडी नाहीच! दांडी फक्त वाटप बदलते, त्यातला किती भार पुढच्या जोडीत सरकवायचा आणि किती मागच्या. टायरचा स्वभाव असा, की भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. म्हणून एकावर जास्त आणि एकावर कमी भार असलेली जोडी ही सारखा भार असलेल्या जोडीपेक्षा कमी धरते. मी मागे जाड दांडी घातली, म्हणजे मागच्या जोडीची पकड माझ्याच हातांनी कमी केली.

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी अतिवेगात आधी पुढून सरकते. कारखान्यातले अभियंते ती तशीच बनवतात, कारण घाबरलेला माणूस आधी पाय काढतो आणि पाय काढला की अशी गाडी पुन्हा वळणात येते. ही तजवीज माझ्यासारख्यांसाठीच केलेली होती. ती मी पैसे मोजून काढून टाकली. शिवाय झुकणं ही गाडीची बोली असते. ‘आता पुरे’ असं ती अंगाने सांगते. मी तिचं तोंडच बंद केलं होतं.

मोठ्यामोठ्यांनाही हा धडा शिकावा लागला आहे. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मोटारविषयक मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजची नवी ए-क्लास गाडी उलटली. चाचणी होती अचानक आडव्या आलेल्या सांबरासारख्या जनावराला चुकवण्याची. कंपनीने विक्री थांबवली, सस्पेन्शन सुधारलं आणि घसरण ओळखून एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा प्रत्येक ए-क्लासमध्ये बसवली. उलट, १९९४ साली आलेली सिट्रोएनची झांशिया ॲक्टिव्हा ही घरगुती गाडी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेने वळणावर जवळजवळ सपाट राहत असे. मात्र तिथे पुढचं, मागचं, स्प्रिंगा, टायर असा सगळा हिशेब एकत्र मांडलेला होता. त्याच सिट्रोएनची १९४८ची टू-सीव्ही वळणावर होडीसारखी कलायची, तरीही रस्ता सहजी सोडत नसे. सांगायचं तात्पर्य, झुकणं वेगळं आणि सुटणं वेगळं.

गणपती बसवून, विसर्जन करून, जीव मुठीत धरून मी परतलो आणि मान खाली घालून मिस्त्रींकडे गेलो. ते रागावले नाहीत. त्यांनी दांडी काढली, जुन्या मापाच्या स्प्रिंगा घातल्या आणि मग दोन वर्षांपूर्वी जे पाहायचं म्हणाले होते ते पाहिलं. मागचे दोन्ही शॉकअप तेलाने माखलेले होते. पुढच्या मूळ दांडीच्या लिंक खिळखिळ्या झाल्या होत्या, म्हणजे दांडी होती, पण कामाला उशिरा लागत होती. खालच्या आर्मचे बुश फाटलेले. टायरांत हवा दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या मापापेक्षा कमी. आणि भरल्या गाडीला मागे जास्त हवा लागते, हे तिथेच छापलेलं असूनही मी कधी वाचलेलं नव्हतं.

‘‘शॉकअप गाडी किती झुकते ते ठरवत नाही,’’ मिस्त्री म्हणाले, ‘‘किती झटक्यात झुकते ते ठरवतो. माणसाला लागतो तो झटका.’’ मग त्यांनी टपाकडे बोट केलं. तिथल्या कॅरियरवर दरवर्षी आमच्या बॅगा, तांदळाची गोणी आणि मखराचं सामान बांधलेलं असे. वजन जितकं वर तितकी गाडी जास्त झुकणार, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि दोऱ्या आवळून टपावर बांधत होतो! कॅरियर उतरलं. जड सामान डिकीच्या तळाला गेलं.

या सगळ्याला दांडी-स्प्रिंगांच्या निम्मेही पैसे लागले नाहीत. गाडी आजच्या मासिकात छापून येईल अशी वळत नाही. ती झुकते, पण सावकाश झुकते आणि वळण संपलं की डुलत न बसता सरळ होते. राहिलेलं काम चालकाचं होतं. ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही. स्टिअरिंग एकदाच आणि हळू फिरवायचं. पाय अलगद उचलायचा. आणि पावसात कुंभार्लीला घड्याळाकडे बघायचं नाही.

२०१५च्या गणपतीला घाट उतरून पोफळीला पोचलो. आईने डोळे उघडले. पिशव्या पायाशी तशाच घडी घातलेल्या होत्या. मुठीतलं लिंबू तिने पर्समध्ये टाकलं आणि म्हणाली, ‘‘घरी गेल्यावर सरबताला होईल.’’