लेकरांना मुंबई दाखवायची आहे? एवढे ठरवा, मग निघा

वर्षावास संपतो, सहामाही परीक्षा उरकतात आणि शाळांना सुट्टी लागते. विहारात बायका एकत्र बसल्या की एक विषय हमखास निघतो : यंदा पोरांना मुंबई दाखवायची. नागपूर, अकोला, नांदेड, जालना, कुठल्याही वस्तीत जा, बऱ्याच घरांचे कोणी ना कोणी कल्याणला, घाटकोपरला नाहीतर चेंबूरला असतेच. राहायची सोय असते, हौस असते, दोन पैसेही बाजूला टाकलेले असतात. पण सहलीहून परतलेल्या घरात गेले की आम्हाला अनेकदा वेगळेच दिसते. लहानगे जुलाबाने मलूल पडलेले, आई तापाने आडवी झालेली, आणि बुडालेल्या मजुरीवर दवाखान्याचा खर्च.

यात नशिबाचा काही दोष नसतो. एका दिवसात पाच ठिकाणे उरकायची घाई, भर गर्दीच्या वेळी लोकलचा प्रवास, दिवसभर पोटात पाणी नाही आणि रात्री पुरेशी झोप नाही. आजारपणाची ही कारणे आपल्याला माहीत आहेत, म्हणून ती टाळताही येतात. त्यासाठी निघण्याआधी घरातल्या सगळ्यांनी तासभर एकत्र बसावे लागते.

सुट्टी म्हणजे चैन नव्हे

‘फिरायला आपण काय साहेब लोक आहोत?’ असे काही घरांत अजून ऐकू येते. त्या घरांना आम्ही एक आठवण करून देतो. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात, १९४५ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजेचा हक्क मिळाला. काम करणाऱ्या माणसाला विश्रांती हवी, ही गोष्ट कायद्यात आली ती अशी.

आज आपल्या वस्तीतल्या घरकाम करणाऱ्या ताईला, नाक्यावरच्या मजुराला, कंत्राटी सफाई कामगाराला ती पगारी रजा बहुधा मिळत नाही. चार दिवस फिरायचे म्हणजे चार दिवसांची मजुरी सोडायची. म्हणूनच ते चार दिवस वाया जाता कामा नयेत. विश्रांती आणि खेळ हा मुलाचाही हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात तो लिहिलेला आहे आणि भारताने ही संहिता १९९२ साली मान्य केली आहे. तेव्हा सहल आखायची ती मुलांच्या अंगाने. मोठ्यांना काय काय बघायचे राहिले आहे, ते नंतर.

दिवसाला एकच मोठे ठिकाण

सात वर्षांच्या आतले मूल सलग दोन-अडीच तासांपेक्षा जास्त फिरले की कंटाळते, चिडते आणि खायला नकार देते. म्हणून सकाळी एक ठिकाण, दुपारी एक ते चार जेवण आणि झोप, संध्याकाळी जवळपास थोडी मोकळी हवा. हा क्रम मोडू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही मुंबईची दुपार घामाची असते. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग तापते आणि पाणी किती गेले ते कळत नाही. जमत असेल तर डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत जा, हवा बरी असते.

चार दिवसांसाठी आम्ही अशी मांडणी सुचवतो.

पहिला दिवस राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत जाता येते. झाडांची सावली भरपूर आहे आणि पेंग्विन बघून लहान मुले हरखून जातात. बाग बुधवारी बंद असते, हे विसरू नका.

दुसरा दिवस कान्हेरी. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. इथे जवळजवळ हजार वर्षे भिक्खूंचा वावर होता. मुलांना तिथल्या पाण्याच्या टाक्या मुद्दाम दाखवा. पावसाचे पाणी कातळात कोरलेल्या पन्हळींतून टाक्यांत साठवायची व्यवस्था त्या काळी केलेली आहे. शिलालेखांत अशा टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे आणि त्यासाठी दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. स्वच्छ पाण्याची सोय हे पुण्याचे काम मानले जाई, हे मुलांना तिथे डोळ्यांनी दिसते. उद्यान सोमवारी बंद असते. लेणी प्रवेशद्वारापासून काही किलोमीटर आत आहेत, तेव्हा मुलांना चालवत नेऊ नका, वाहनाची चौकशी करा. पायऱ्या उंच आहेत, माकडे पिशव्या ओढतात. खाऊ हातात दिसू देऊ नका आणि टाकीतले पाणी पिऊ देऊ नका.

तिसरा दिवस गेटवे आणि शेजारचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. इथे गांधार शिल्पांतला बुद्ध आहे, सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपातल्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत आणि मुलांसाठी वेगळे दालनही आहे. अशा भव्य इमारतीच्या दारात आपली माणसे बिचकतात. ‘आत सोडतील का?’ असे विचारतात. तिकीट काढायचे आणि ताठ मानेने आत जायचे. मुले आपल्याकडे बघूनच ते शिकतात.

चौथा दिवस दादर. सकाळी चैत्यभूमी, मग हिंदू कॉलनीतले राजगृह. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी बांधलेले घर मुलांना दाखवावे, बाकी फार बोलावे लागत नाही. ही भेट साध्या दिवशी ठेवा. ६ डिसेंबरला अभिवादनासाठी जरूर जावे, पण तान्ह्या बाळाला आणि पाच वर्षांखालच्या मुलाला त्या गर्दीत तासन्‌तास रांगेत उभे करू नये. सहल आणि अभिवादन या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

प्रवास आणि तिकिटे

रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. पाच ते बारा वयाच्या मुलाला आरक्षित डब्यात वेगळा बर्थ घेतला तर पूर्ण भाडे पडते, बर्थ न घेता नेले तर अर्धे. एसटीने जाणार असाल तर मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. मोठ्या बसस्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष असतो. तो कुठे आहे ते उतरल्या उतरल्या विचारा.

मुंबईत लोकलची गर्दी सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ. या वेळा टाळल्या तर निम्मा त्रास कमी होतो. रविवारी गर्दी कमी, पण मेगाब्लॉकमुळे गाड्या उशिरा किंवा रद्द असतात. आदल्या दिवशी यजमानांना विचारून घ्या. बारा वर्षांपर्यंतचा मुलगा आईबरोबर महिलांच्या डब्यात बसू शकतो. चढताना आधी एक मोठे माणूस, मग मुले, मग दुसरे मोठे माणूस. फलाट आणि डबा यांच्यामधल्या फटीत लहान पाय सहज जातो, तेव्हा तीन-चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊनच चढा-उतरा.

पाणी, खाणे आणि जुलाब

सहा महिन्यांखालच्या बाळाला प्रवासातही फक्त आईचे दूध. उन्हातसुद्धा वरचे पाणी नको, फक्त जास्त वेळा पाजा. मोठ्या मुलांसाठी उकळून गार केलेले पाणी घरून भरून घ्या आणि प्रत्येकाची बाटली वेगळी ठेवा.

बाहेरचे खाऊच नका असे आम्ही म्हणणार नाही. मुंबईत जाऊन वडापाव न खाता कोण परत येतो? नियम एवढाच : कढईतून किंवा तव्यावरून डोळ्यांसमोर निघालेले गरम खा. बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळे, उघड्या चटण्या आणि पाणीपुरीचे पाणी लहान मुलांना नको. केळी, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, दशम्या बरोबर असल्या की पैसेही वाचतात. अगदी लहान मुलांना मात्र अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नका, ते घशात अडकतात. खाण्याआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुवायचे. त्यासाठी साबणाची छोटी वडी डबीत ठेवा.

जुलाब लागलेच तर लगेच ओआरएस सुरू करा. पुड्या आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मिळतात, निघण्याआधी घेऊन ठेवा. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात सबंध पुडी मिसळा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप, घोट घोट द्या. चोवीस तासांनी उरलेले टाकून नवे करा. दुकानातली डब्यातली गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. मूल पाणीच पिईना, सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त पडले, तर सहल तिथेच थांबवून दवाखाना गाठा. मुंबईत महापालिकेचे ‘आपला दवाखाना’ ठिकठिकाणी आहेत. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर ही महापालिकेची मोठी रुग्णालये आहेत.

आईने पाणी प्यावे

एका गोष्टीकडे सगळ्यांचेच दुर्लक्ष होते. बाहेर संडास-मुतारीची खात्री नसते, म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि लघवी दाबून ठेवतात. मग जळजळ, कंबरदुखी, थंडी वाजून ताप. अंगावर पाजणाऱ्या आईला तर हे फारच वाईट. राणीची बाग, वस्तुसंग्रहालय, मोठी रेल्वे स्थानके इथे स्वच्छतागृहे आहेत. दर दोन-तीन तासांनी थांबायचे हे आधीच ठरवा. घरच्या पुरुषांनी त्यावर कपाळाला आठ्या घालू नयेत.

नातलगांकडे उतरलात तर तिथली भांडी, धुणी, स्वयंपाक आपल्याच बाईच्या अंगावर पडतो. मग तिला सुट्टी कुठली? पाण्याच्या वेळा आणि सार्वजनिक संडासाची रांग आधी विचारून घ्या, किराण्यात वाटा उचला, आणि कामे पुरुषांसह सर्वांनी वाटून घ्या.

घरात सिकलसेल असेल तर

विदर्भातल्या आपल्या अनेक घरांत सिकलसेलचा आजार आहे. अशा मुलाला सहलीला नेता येते, पण अंगातले पाणी कमी होणे, थंडी आणि अतिश्रम यांनी त्याला असह्य वेदना सुरू होऊ शकतात. म्हणून निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. रोजच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका आणि दोन दिवसांच्या जास्त घ्या. सिकलसेलचे कार्ड बरोबर ठेवा. रात्रीच्या गाडीत उबदार कपडे घाला. चौपाटीवर पाय भिजले तर चालतील, अंग भिजवू नका. कान्हेरीच्या पायऱ्या त्याला जमतील तेवढ्याच. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा पोट फुगणे यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायात वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात न्या.

मूल हरवू नये म्हणून

रोज सकाळी निघताना मोबाइलवर प्रत्येक मुलाचा फोटो काढा, म्हणजे आजचे कपडे आठवावे लागत नाहीत. मनगटावर पेनाने आपला नंबर लिहा. आईचे पूर्ण नाव पाठ करून घ्या. ‘हरवलास तर आहेस तिथेच उभा राहा, खाकी वर्दीतल्या पोलिसाला सांग’ हे वाक्य घरीच घोकून घ्या. चौपाटीवर भरतीच्या वेळी पाण्याजवळ जाऊ नका आणि हात सोडू नका. मुलांसाठी १०९८, आणीबाणीला ११२, रेल्वेत १३९ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे नंबर फोनमध्ये आजच साठवा.

पिशवीत काय घ्याल?

ओआरएसच्या चार पुड्या, डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेले तापाचे औषध, चालू असलेल्या गोळ्या, लसीकरण कार्डाची झेरॉक्स, साबण, कापसाच्या पट्ट्या, एक चादर, टोप्या, प्रत्येकी एक जादा कपड्यांचा जोड. मुलाला निघायच्या दोन दिवस आधी ताप किंवा जुलाब असतील, तर तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील, निघू नका.

पैशांचेही असेच. प्रवास, खाणे, तिकिटे, यजमानांना वाटा आणि दवाखाना, अशी पाच पाकिटे करा. दवाखान्याचे पाकीट न उघडता परत आले, तर त्याच पैशांतून मुलांना एकेक पुस्तक घ्या. पण व्याजाने पैसे काढून सहल करू नका. यंदा मुंबई जमत नसेल तर जवळचे शहर, जवळची लेणी, एका दिवसाची सहलही चालते. मुलांना किती लांब गेलो ते आठवत नाही. आई-बाबा दिवसभर आपल्याबरोबर होते, रागावले नाहीत, घाईत नव्हते, हे मात्र त्यांना आठवते.