वहीतील हवा तेवढाच रकाना

पेढीवरील मुनीमापाशी कोणी केवळ खातेदारांची नावे व येणे बाकी मागितली, तर तो सारी वही नव्याने लिहीत बसत नाही. तारीख, पत्ता, शेरा हे रकाने डोळ्यांआड करून तो दोन रकान्यांवरून बोट फिरवितो आणि तेवढेच उतरवून देतो. संगणकावर हेच काम ‘कट’ व ‘ऑक’ या दोन आज्ञा करितात. भेद एवढाच की मुनीमाला रकान्याचा अर्थ कळतो. आज्ञेला कळते ती केवळ दोन रकान्यांमधील खूण.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ साली युनिक्स प्रणालीचा पाया घातला. तिच्यात पुष्कळशी माहिती साध्या मजकुराच्या रूपाने ठेवण्याची रीत पडली : एका ओळीत एक नोंद आणि रकान्यांच्या मध्ये एक ठराविक चिन्ह. वापरकर्त्यांची नोंदवही हा या रीतीचा उत्तम नमुना होय. तिच्या प्रत्येक ओळीत सात रकाने असून त्यांना अपूर्णविरामाचे दोन टिंब वेगळे करितात. नाव, परवलीचा शब्द, वापरकर्त्याचा क्रमांक, गटाचा क्रमांक, टीप, त्याचे घर म्हणजे स्वतःची फाइल-जागा आणि शेवटी त्याच्या आज्ञा स्वीकारणारा कार्यक्रम, असा हा क्रम आहे. टिपेच्या रकान्याला अजूनही ‘गेकॉस’ म्हणतात. छपाईची काही कामे त्या काळी गेकॉस प्रणालीच्या दुसऱ्या यंत्राकडे धाडीत व त्यासाठी लागणारी ओळख या रकान्यात लिहीत. यंत्र गेले, नाव मात्र राहिले. जकात उठल्यावरही नाक्याचे नाव राहावे तसे.

या वहीतील नावे व घरे तेवढी हवी असल्यास ‘कट’ या आज्ञेला विभाजक चिन्ह कोणते ते सांगावयाचे आणि पहिला व सहावा हे क्रमांक द्यावयाचे. क्षणार्धात दोन रकाने पडद्यावर येतात. तथापि सहावा आधी व पहिला मागून मागितला तरी ‘कट’ वहीतील मूळ क्रमच पाळतो. क्रम पालटावयाचा असेल तर ‘ऑक’कडे जावे लागते. अहो, वाइनबर्गर व कर्निगन या तिघांनी १९७७ साली ती रचिली; तिचे नाव त्यांच्याच आद्याक्षरांचे आहे. शब्दांमध्ये चार कोऱ्या जागा असल्या तरी ‘ऑक’ त्यांना एकच सीमा मानते. ‘कट’ला कोरी जागा हेच विभाजक म्हणून सांगितले, तर तो मध्ये तीन रिकामे रकाने मोजतो.

देवनागरी मजकुरात आणखी एक अडचण येते. युनिकोडच्या रूढ यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. ‘मी’ एवढ्याशा शब्दाला सहा बाइट लागतात. रकाना बाइट मोजून कापला तर सुरी अक्षराच्या मधूनच फिरते. म्हणून मराठी यादीत जागा मोजण्यापेक्षा विभाजक चिन्हावर भिस्त ठेवणे बरे.

पण खरा धोका निराळाच आहे. ज्या ओळीत विभाजक चिन्ह मुळीच नाही, ती ओळ ‘कट’ सबंध छापतो. लिहिणाराने एखाद्या नोंदीत चुकून दुसरेच चिन्ह घातले, तर नाव मागणाऱ्याच्या हाती ती सारी नोंद पडते. अशा ओळी गाळावयाच्या असतील तर तशी वेगळी सूचना द्यावी लागते, आणि ती बहुधा विसरली जाते.

शिवाय रकाना निवडणे म्हणजे बाकीच्या रकान्यांना कुलूप घालणे नव्हे. फाइल वाचण्याची परवानगी सबंध फाइलीची असते. एका रकान्याची नसते. वापरकर्त्यांच्या वहीत परवलीचा शब्द गूढ रूपात असे. परंतु नावांसाठी ती वही सर्वांना उघडी ठेवणे भाग होते. यंत्रे वेगवान झाल्यावर हजारो शब्द गूढ करून त्या रकान्याशी ताडून पाहणे सोपे झाले. तेव्हा गूढ मजकूर ‘शॅडो’ नावाच्या, केवळ व्यवस्थापकाने वाचावयाच्या वेगळ्या फाइलीत हलविण्यात आला. मूळ वहीच्या दुसऱ्या रकान्यात आता बहुधा एकटे ‘एक्स’ हे अक्षर उभे असते.

ग्रंथालयाच्या सभासदांची किंवा पतपेढीच्या खातेदारांची यादी बाहेर देतानाही हीच वाट धरितात. हवे ते रकाने निवडून त्यांची नवी फाइल करावयाची, तिच्या ओळी एकदा डोळ्यांखालून घालावयाच्या आणि तीच द्यावयाची. मूळ वही कपाटातच राहते.