खांबापलीकडच्या घराची वीज

बोईसर स्टेशनात उतरून पश्चिमेला निघाले की तारापूरचे अणुवीज केंद्र लागते. देशातले ते पहिले. १९६९ साली ते सुरू झाले. पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. याच परिसरात मोठमोठ्या मनोऱ्यांवरून जाड तारा शेतांच्या डोक्यावरून निघून जातात. खाली वाडीवर राहणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. त्याला हवा असतो तो लाकडी किंवा सिमेंटचा साधा खांब, आणि तो नेमका अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर थांबलेला असतो.

अशी घरे पालघर जिल्ह्यात दोन तऱ्हेची. एक, निवृत्तीनंतर मनोर, सफाळे, केळवे या बाजूंना दोन खोल्या बांधणाऱ्यांची. (जमीन आदिवासी खातेदाराची नाही ना, हे सातबाऱ्यावर आधी पाहावे, तो वेगळ्या लेखाचा विषय.) दुसरी, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतली, पाड्यापासून सुटी पडलेली. दोघांनाही हल्ली एकच उत्तर दिले जाते : सोलर बसवा. उत्तर बरोबर आहे. सुरुवात मात्र बहुतेकांची चुकीच्या टोकाने होते.

परवा एका स्नेह्यांनी वाडीसाठी मागवलेले अंदाजपत्रक दाखवले. पहिल्याच ओळीत पॅनेल. किती वॅटचे, कोणत्या कंपनीचे, सगळे तपशीलवार. घरात काय काय चालणार, याची मात्र एकही ओळ नाही. म्हणजे उत्पन्न किती हवे ते ठरले, खर्च कोणी विचारलाच नाही! बँकेत अशा अर्जावर मी कर्ज मंजूर केले नसते.

तेव्हा कागद घेऊन आधी खर्च मांडू. नऊ वॅटचे चार एलईडी दिवे, रोज पाच तास : १८० वॅट-तास. दोन पंखे, रात्रीचे दहा तास. जुन्या पद्धतीचा पंखा ७५ वॅट खातो, म्हणजे दोन पंख्यांचेच दीड युनिट. नव्या बीएलडीसी पंख्याला तीसेक वॅट पुरतात. दोघांचे मिळून सहाशे वॅट-तास. छोटा टीव्ही, मोबाईल, रेडिओ धरून आणखी दोनेकशे. एकूण झाले साधारण एक युनिट. दोन माणसांचे घर रोजच्या एका युनिटात सुखाने चालते. फ्रीज आणला की हा आकडा जवळजवळ दुप्पट होतो. फ्रीज नको असे मी म्हणत नाही. पण तो आपल्या घरातला सर्वात महागडा पाहुणा आहे, हे जाणून बोलवावा.

एक खर्च कोणीच लिहीत नाही. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतः दहा-वीस वॅट खात बसतो. पंधरा धरले तर दिवसाचे ३६० वॅट-तास, म्हणजे चार दिव्यांच्या दुप्पट. दुपारी घर बंद करून जाताना तो बंद करावा. विहिरीचा पंप तर या संचाला जोडूच नये. त्याला दिवसा थेट उन्हावर चालणारा वेगळा सौर पंप घ्यावा आणि पाणी टाकीत चढवून ठेवावे. पाणी साठवणे वीज साठवण्यापेक्षा फार स्वस्त पडते.

आता उत्पन्न. स्वच्छ उन्हात एक किलोवॅटचे पॅनेल आपल्याकडे दिवसाला चारेक युनिट देते. बॅटरीत जाता-येता गळती होऊन तीन हाती लागतात. म्हणजे एका युनिटासाठी साडेतीनशे वॅट पुरेत? मे महिन्यात पुरतील. पण हिशेब जुलैचा करावा लागतो. पालघरचा पाऊस कसा असतो ते उत्तर कोकणातल्यांना सांगायला नको. सूर्य चार-चार दिवस दिसत नाही आणि पॅनेल निम्म्यावर किंवा त्याखाली येते. म्हणून सहा-सातशे वॅट घ्यावेत. तोंड दक्षिणेला, कल वीस अंशांच्या आसपास. चिकूची किंवा माडाची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन भलतेच घटते, तेव्हा जागा ठरवण्यापूर्वी सकाळ, दुपार, संध्याकाळ अंगणात उभे राहून पाहावे. केळवे-चिंचणीच्या खाऱ्या वाऱ्यात रंगवलेले लोखंडी स्टँड टिकत नाही. जस्ताचा जाड मुलामा दिलेले घ्यावे.

बॅटरी म्हणजे या घराचे बचत खाते. १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी कागदावर १.८ युनिट साठवते. पण ती निम्म्याखाली उतरवत राहिले तर लवकर मरते. म्हणून दोन घ्याव्यात. दोन ढगाळ दिवस जेमतेम निघतात. लिथियमच्या बॅटरीतून ऐंशी टक्के काढता येतात, किंमत मात्र जास्त. पॅनेल पंचवीस वर्षे चालेल, शिशाची बॅटरी चार-पाचच. संच बसवला त्याच महिन्यात बॅटरीच्या नावाने आवर्ती ठेव उघडावी. अनुदानाची आशा यात धरू नये : २०२४ ची पंतप्रधान सूर्यघर योजना वीजजाळ्याला जोडलेल्या छतांसाठी आहे.

वाडीवाल्याची बॅटरी मेली तर तो चार दिवस मुंबईला जाऊन राहतो. डोंगरातल्या घरात मात्र पुन्हा चिमणी पेटते, आणि तिच्या धुरात पोरे अभ्यासाला बसतात. २०१७ च्या सौभाग्य योजनेत दुर्गम घरांसाठी दोनशे ते तीनशे वॅटचा संच ठरला : पाच दिवे, एक पंखा, एक प्लग. घराच्या गरजेतून निघालेला हिशेब, म्हणून मला तो आवडला. देखभालीची हमी पाच वर्षांची. म्हणजे बॅटरी थकायची आणि हमी संपायची वेळ साधारण एकच.

पाड्यावरच्या बायकांचे बचत गट महिन्याची वर्गणी काटेकोर जमवतात. त्यातच घरटी थोडी रक्कम बॅटरीच्या वेगळ्या खात्यावर टाकली, आणि आयटीआय शिकलेल्या एखाद्या मुलाकडे किंवा मुलीकडे महिन्याकाठी बॅटरीत शुद्ध पाणी भरण्याचे, जोडण्या घासण्याचे, पॅनेल पुसण्याचे काम मोबदला देऊन सोपवले, तर सहाव्या वर्षीही दिवा लागेल. गटाच्या वहीत त्यासाठी एक जादा रकाना आखावा लागेल, एवढेच.