टी-पॉइंटच्या अलीकडे आणि पलीकडे

पर्यटन आणि गाव : भाग ५

गेल्या भागात आपण घारापुरी बेट पाहिलं. बेटाचं एक बरं असतं. पर्यटक मनाला येईल तिथे उतरू शकत नाही, तो धक्क्यावरच उतरतो. धक्क्यापासून लेण्यांच्या पायऱ्यांपर्यंत गावकऱ्यांची दुकानं लागतात, ग्रामपंचायतीचा छोटासा कर भरल्याशिवाय वर जाता येत नाही. आपल्या जिल्ह्यात समुद्र नाही, पण अजिंठ्याच्या पायथ्याशी सरकारने असाच एक धक्का कोरड्या जमिनीवर बांधला. तो म्हणजे फर्दापूरचा टी-पॉइंट.

पूर्वी गाड्या थेट लेण्यांपाशी जात आणि दुकानंही तिथेच होती. अजिंठ्याची चित्रं मातीच्या गिलाव्यावर आहेत. त्या मातीत भुसा आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले. गाड्यांचा धूर, उडणारी धूळ, गर्दीच्या श्वासाने गुहेत वाढणारा दमटपणा हे सगळं त्या गिलाव्याच्या मुळावर येतं. जपानी कर्जातून अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्प उभा राहिला. खासगी गाड्या सुमारे चार किलोमीटर अलीकडे थांबू लागल्या आणि पुढचा रस्ता एसटीच्या बसकडे गेला. दुकानंही टी-पॉइंटवरच्या संकुलात आली. निर्णय योग्यच होता. चित्रं गेली तर पर्यटन कशाच्या जिवावर करणार?

फक्त विक्रीची सगळी तऱ्हा बदलली. गाडीतून उतरलेल्या माणसाला बस गाठायची घाई, परतताना तो दमलेला आणि त्याचा ड्रायव्हर ताटकळलेला. मग खडे विकणारा पोरगा जातानाच गाठतो, हातात स्फटिकाचा बारकासा तुकडा ठेवतो. ‘पैसे नको, भेट घ्या. येताना फक्त माझ्या दुकानात या.’ दुकानाचा नंबर दोनदा म्हणून घेतो. पर्यटकाला ही कटकट वाटते. पण ज्याचं गिऱ्हाईक दिवसातून दोनदाच, तेही चालता चालता समोरून जातं, त्याने दुसरं काय करावं? तो खडा मात्र अस्सल इथला. बेसॉल्टच्या पोकळ्यांत लाखो वर्षांत साकळलेला, विहीर खणताना किंवा खाणीत हाती लागणारा. दुकानातल्या बाकी पुष्कळ मालाबद्दल असं म्हणता येणार नाही.

याच प्रकल्पात अभ्यागत केंद्रही झालं. त्यात १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती होत्या. हेतू असा की लोकांनी इथे निवांत बघावं आणि मूळ लेण्यांवरचा ताण हलका व्हावा. कल्पना उत्तम, पण काही वर्षांतच थकलेल्या वीज-पाणी बिलांपायी केंद्र बंद पडलं. बांधायला कर्ज मिळतं, दिवा लावायला मिळत नाही!

जमिनीची गोष्ट अजिंठ्यापेक्षा वेरूळ-खुलताबादकडे जास्त अडचणीची आहे. स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून संरक्षित स्मारकाभोवतीच्या १०० मीटरमध्ये नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये करायचं तर परवानगी लागते. खुलताबादसारख्या जुन्या गावात स्मारकं घरांना खेटून आहेत. वाडवडिलांच्या घरावर मुलाच्या लग्नासाठी एक खोलीही चढवता येत नाही, आणि घर थोडं लांब असलं तरी अर्ज-चकरा आल्या. रेषेबाहेर शेत विकत घेऊन हॉटेल टाकणाऱ्याला मात्र हीच रेषा फायद्याची ठरते, कारण त्याच्या खिडकीसमोरची हिरवळ कायद्यानेच राखलेली असते. स्मारक जपण्याचा भार ज्याच्यावर, त्याला पर्यटनाचा वाटा नाही, आणि ज्याला वाटा मिळतो त्याच्यावर भार नाही. माझी तक्रार कायद्याबद्दल नाही, या वाटणीबद्दल आहे.

उत्सवाचंही तेच झालं. वेरूळ महोत्सव पूर्वी कैलास लेण्यासमोर भरायचा. पुढे तो शहरात, सोनेरी महालाच्या प्रांगणात आला. लेण्याच्या दृष्टीने बरंच झालं, पण वेरूळच्या माणसाला आता वेरूळच्या नावाचा महोत्सव बघायला तीस किलोमीटर यावं लागतं.

घारापुरीचे लोकही सुखात नव्हते. १९८७ साली त्यांच्या लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, पण समुद्राखालून केबल टाकून वीज यायला २०१८ उजाडलं. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर चालायचा. तरी धक्क्यावरचा तो कर ग्रामपंचायतीच्या हातात होता. आपल्याकडे लेण्याच्या तिकिटाचे पैसे केंद्राच्या खात्यात जातात. फर्दापूरच्या ग्रामपंचायतीने असा कर मागितला, तर तो टी-पॉइंटवर घ्यायचा की गावात, हा प्रश्न लगेच उभा राहील, कारण गावात पर्यटक उतरतच नाही.

(पुढील भागात : हिमरूचे माग)