पाण्याची भीती आणि पांगाऱ्याचा बिंडा

सातारा-सांगलीकडच्या विहिरींत कित्येक पिढ्या लहानपणी पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा नाहीतर सुकलेला भोपळा बांधून पोहायला शिकल्या. ज्यांचं ते वय हुकलं, त्यांच्या पोटात चाळिशीत पाण्यात उतरताना गोळा येतो. कृष्णाकाठी ही भीती उगाच नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून अनेकांचे जीव गेले.

भीतीने नेमकं काय होतं? श्वास वरवर चालतो, अंग आखडतं आणि आपण मान उंचावतो. डोक्याचं वजन साधारण 4 ते 5 किलो. ते पाण्याबाहेर काढलं की त्याला पाण्याचा आधार उरत नाही आणि पाय खाली जातात. उलट, छातीभर श्वास घेतलेलं शरीर बहुतेकांच्या बाबतीत पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं. बिंड्याचं काम फुप्फुसं करतात.

म्हणून सुरुवात श्वासापासून करा. तलावात प्रशिक्षकासोबत, कमरेएवढ्या पाण्यात काठ धरून उभे राहा. तोंडाने श्वास घ्या, चेहरा बुडवा, नाकाने सावकाश बुडबुडे सोडा. हे जमलं की कान पाण्यात, नजर वर ठेवून उताणे तरंगा. पाठीखाली प्रशिक्षकाचा तळहात असू द्या. 'इथे धोका नाही' हे मेंदूला अशा सरावानेच पटतं.

पुराच्या पाण्यात पट्टीच्या पोहणाऱ्यानेही उतरू नये. पण तरंगणं प्रत्येकाला यावं, आणि ते पन्नाशीतही येतं.