लग्नसराई, नवा कॅमेरा आणि लेन्सची निवड



तुळशीचे लग्न लागले की आपल्या भागात दोन हंगाम एकदमच सुरू होतात. एक उसाच्या गळिताचा आणि दुसरा लग्नाचा. इकडे टोळ्या फडात उतरतात आणि तिकडे घरोघरी पत्रिका वाटायला माणसे निघतात. ऊस, खत आणि पाणी हे आपले नेहमीचे विषय इतर पानांवर आहेतच. या पानावर मात्र आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे, कारण तो आमच्याकडे एका सभासदाकडूनच आला.

मागे एक दिवस हे सभासद ऑफिसात आले, पाणी प्याले आणि म्हणाले, "साहेब, पोराला नोकरी लागंना. लग्नाचे फोटो काढतो म्हणाला, म्हणून कॅमेरा घेऊन दिला. आता म्हणतोय लेन्स पाहिजे, दीड लाखाची. कॅमेऱ्याला भिंग असतंच की ओ, मग हे दुसरं कशाला? उसाचं बिल आलं की द्यावं का नको, तेवढं सांगा."

आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते, पण प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखाही नव्हता. काही वर्षांपूर्वी आमच्याच पुतणीचे लग्न गोरज मुहूर्तावर होते. कार्यालयात उजेड बेताचाच होता. फोटो काढायला नात्यातलाच एक हौशी मुलगा होता. मंगलाष्टका संपल्या, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या आणि आमच्या थोरल्या बंधूंचे डोळे भरून आले. नेमका तो क्षण मुलाने टिपला, पण फोटो आला तो हललेला. बंधू पुढच्याच वर्षी गेले. लेकीच्या डोक्यावर हात ठेवलेला त्यांचा तो एकुलता एक फोटो, आणि त्यात चेहरा ओळखू येत नाही. मुलाचा हात वाईट नव्हता आणि कॅमेराही चांगला होता. अडचण लेन्सची होती, हे आम्हाला फार उशिरा कळले. एका सालचे पीक गेले तर पुढच्या साली लावता येते, पण अंतरपाट काही पुन्हा धरता येत नाही. म्हणून माहितगार मंडळींशी बोलून जे समजले ते येथे देत आहोत.

लेन्सवरचे दोन आकडे

प्रत्येक लेन्सवर दोन आकडे महत्त्वाचे असतात. पहिला मिलिमीटरचा. हा आकडा लहान तितका देखावा रुंद दिसतो आणि मोठा तितकी लांबची वस्तू जवळ दिसते. १८ मिलिमीटरवर अख्खा मांडव बसतो, ५५ वर एकदोन माणसे बसतात आणि २०० वर स्टेजच्या खाली उभे राहून नवरीची नथ टिपता येते.

नवशिक्याच्या कॅमेऱ्यात चित्र टिपणारा सेन्सर बहुधा लहान आकाराचा असतो. त्यामुळे निकॉन आणि सोनीच्या अशा कॅमेऱ्यांत मिलिमीटरचा आकडा दीडपट आणि कॅननमध्ये १.६ पट धरावा लागतो. म्हणजे ५० ची लेन्स मोठ्या सेन्सरवरच्या ७५ किंवा ८० सारखी वागते.

दुसरा आकडा 'एफ'चा, आणि आमच्या पुतणीच्या फोटोची गोम याच आकड्यात होती. एफ म्हणजे लेन्सच्या आतल्या दाराचा आकडा. पाटाच्या दाराने पाणी सोडतो तसा या दाराने उजेड आत येतो. मात्र येथे हिशेब उलटा आहे. आकडा लहान तितके दार मोठे. एफ ५.६ पेक्षा एफ २.८ च्या दारातून चौपट उजेड येतो आणि एफ १.८ मधून साधारण साडेनऊ पट.

दार लहान असेल तर वाफा भिजायला पाणी जास्त वेळ चालू ठेवावे लागते. तसेच कॅमेऱ्यालाही पडदा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात माणूस हलतो. अंधुक कार्यालयात एफ ५.६ वर सेकंदाचा तिसावा भाग लागत असेल, तर एफ १.८ वर अडीचशेव्या भागाच्या पुढे काम भागते. तिसाव्या भागात अक्षता टाकणारा हात पुसट होतो, अडीचशेव्या भागात तो जागच्या जागी थांबतो.

कोणी म्हणेल, आयएसओ वाढवला की झाले. वाढवावा, पण बेताने. उसाला शेवटी शेवटी युरियाचा मारा केला तर वाढ दिसते आणि साखर उतारा घटतो, हे आपण जाणतोच. आयएसओचेही तसेच आहे. फोटो उजळ होतो, पण त्यात दाणे उमटतात आणि रंग फिके पडतात.

आणखी एक गैरसमज आहे. लेन्सवर व्हीआर किंवा आयएस असे लिहिलेले असते. त्याने आपल्या हाताची थरथर सावरली जाते. नवरी मान वळवते किंवा करवली हसते, ती हालचाल त्याने थांबत नाही. त्यासाठी मोठे दार किंवा जास्त उजेड, हेच दोन उपाय.

कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स

कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८-५५ ची लेन्स येते, एफ ३.५ ते ५.६ ची. तिला टाकाऊ समजू नका. उघड्यावरची हळद, दिवसाची वरात, शेतातला फोटो, बारशाच्या पंगती ही कामे ती चांगली करते. रोजच्या घरगुती फोटोंना तर आजकाल मोबाईलही पुरतो. ही लेन्स अडते ती संध्याकाळच्या मुहूर्ताला आणि बंद हॉलमध्ये.

पहिली खरेदी कोणती

आमचे मत असे पडले की पहिली खरेदी एफ १.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स असावी. वजनाला हलकी, काही हजारांत मिळणारी आणि अंधाराला न घाबरणारी. प्रश्न उरतो ३५ घ्यावी की ५० घ्यावी, एवढाच.

याची परीक्षा फुकटात होते. आपली १८-५५ ची लेन्स ३५ वर ठेवा, चिकटपट्टी लावा आणि आठवडाभर घरात, गोठ्यात, देवळात त्याच आकड्यावर फोटो काढा. पुढचा आठवडा ५० वर. ५० वर चेहरे छान येतात, पण आपल्या खणाच्या घरात मागे सरता सरता पाठ भिंतीला टेकते. ३५ वर माणूस आणि त्याच्या भोवतीचे घर दोन्ही येतात. ज्या आकड्यावर तुमचे फोटो जास्त जमले, ती तुमची लेन्स. दुकानदाराला विचारण्याची गरज नाही.

जुन्या सभासदांना यशिका मॅट आठवत असेल. १९७० साली आलेला १२४ जी हा त्यातला प्रसिद्ध. पेटीसारखा, वरून वाकून बघायचा. त्याला फोटो घेणारी लेन्स एकच, ८० मिलिमीटरची, एफ ३.५ ची, आणि रोलवर फोटो फक्त बारा. त्या मोठ्या फिल्मवर ही लेन्स जो देखावा देई, तो आज लहान सेन्सरवर साधारण ३५ ची लेन्स देते. एवढ्यावर त्या काळच्या फोटोग्राफरांनी अख्खी लग्ने काढली. झूम नव्हते तेव्हा माणूस स्वतः दोन पावले पुढे जाई. नवशिक्याने हे जरूर शिकावे.

मोठ्या दाराला एक काटा आहे, तोही सांगतो. एफ १.८ वर जवळून फोटो काढला तर नवरीचा डोळा स्पष्ट येतो आणि शेजारचा नवरा पुसट. वधूवर दोघे असतील तर एफ २.८ ते ४, आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांचा गट असेल तर एफ ५.६ ते ८ ठेवावा. गटाला उजेड कमी पडला तर फ्लॅश वापरावा. छत पांढरे आणि ठेंगणे असेल तर फ्लॅश वर छताकडे वळवावा, म्हणजे चेहऱ्यावर मऊ उजेड पडतो. लाल-पिवळ्या कापडी मांडवात मात्र तो रंग चेहऱ्यावर उतरतो, तेथे हा उपाय चालत नाही.

लग्नाच्या कामाची लेन्स

जो पैसे घेऊन लग्न काढणार, त्याला पुढे एफ २.८ ची झूम लागते. लहान सेन्सरला १७-५० किंवा १७-७० च्या आसपासची, मोठ्या सेन्सरला २४-७०. हिचे दार झूम केले तरी लहान होत नाही, आणि मांडवात लेन्स बदलायला उसंत नसते, म्हणून तिची किंमत. लहान सेन्सरसाठी टॅमरॉन, सिग्मा यांच्या अशा लेन्स त्यामानाने स्वस्त पडतात. ७०-२०० एफ २.८ ही लांबून चेहरे टिपणारी लेन्स अनेकदा दीड किलोच्या घरात भरते आणि किमतीलाही तशीच भारी. मोठ्या शहरांत ती दिवसाच्या भाड्याने मिळते. चार वेळा भाड्याने आणून मगच विकत घेण्याचा विचार करावा.

स्वस्तात मिळते म्हणून ७५-३०० सारखी लांब पल्ल्याची लेन्स लग्नासाठी घेऊ नये. उजनीच्या पाण्यावरच्या रोहित पक्ष्यांना ती दिवसाउजेडी ठीक. हॉलमध्ये तिचे दार एफ ५.६ वर येते आणि पुन्हा पुतणीच्या फोटोसारखी गत होते.

घेताना काय बघावे

लेन्स आपल्या कॅमेऱ्याला बसते का आणि फोकस आपोआप होतो का, हे आधी पाहावे. निकॉनच्या डी ३५०० किंवा डी ५६०० सारख्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटार नसते. जुनी एएफ-डी लेन्स त्यावर बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. तेथे एएफ-एस घ्यावी. कॅननच्या नव्या आरएफ कॅमेऱ्यावर जुनी ईएफ लेन्स चालते, पण मध्ये ॲडॉप्टर लागतो, त्याची किंमत धरावी.

जुनी लेन्स घेताना आतून बॅटरीचा उजेड टाकून बघावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, घेऊ नये. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी. आपल्या भागात पावसापेक्षा धूळ आणि ऊन जास्त. तेव्हा उन्हातल्या गाडीत लेन्स ठेवू नये आणि उपरण्याने पुसू नये. आधी फुंकणीने धूळ उडवावी, मग मऊ कापड.

शिकायचे कोठे

सोलापूरकरांना यासाठी लांब जायला नको. मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा होतो. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले हजारो भक्त आणि एकदमच पडणाऱ्या अक्षता. एवढे मोठे लग्न शिकायला दुसरीकडे कोठे मिळणार? भक्तिभाव राखून, कोणाच्या वाटेत न येता फोटो काढावेत. पांढरे कपडे जास्त असले की कॅमेरा फसतो आणि फोटो काळपट काढतो, तेव्हा उजेड थोडा वाढवून घ्यायचा, हे तेथे चांगले कळते.

त्यानंतर एखाद्या जाणत्या फोटोग्राफरच्या हाताखाली काही लग्ने काढावीत. मुख्य फोटोची जबाबदारी त्याची असते, त्यामुळे आपल्या चुकीची किंमत दुसऱ्याच्या लेकीला मोजावी लागत नाही. स्वतः काम घेऊ लागल्यावर मात्र दुसरा कॅमेरा, निदान मागून आणलेला, आणि जादा कार्ड जवळ असल्याशिवाय मांडवात पाऊल ठेवू नये.

शेवटी हिशेब

कारखान्याला बंद हंगाम असतो तसा फोटोग्राफरला चातुर्मास. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्ने जवळजवळ बंद आणि कर्जाचा हप्ता मात्र चालू. तेव्हा मोठ्या लेन्ससाठी उसाच्या बिलाला हात लावण्यापूर्वी मुलाची एक लग्नसराई पाहावी. त्या कमाईतून निम्मी रक्कम उभी राहिली तर उरलेली घालायला हरकत नाही. पाणी किती पुरते ते बघूनच आपण उसाचे क्षेत्र ठरवतो, तीच रीत येथे.

त्या सभासदांना आम्ही हेच सांगितले. मुलालाही बोलावले. तो आधी जरा खट्टू झाला, मग चिकटपट्टीची परीक्षा करून आला आणि म्हणाला, "पस्तीसच बरी." आता ती लेन्स घेऊन तो एका जाणत्या फोटोग्राफरबरोबर यंदाची लग्ने काढतो आहे. परवा त्याने एक फोटो आणून दाखवला. मुलगी सासरी निघालेली आणि बाप मांडवाच्या खांबाला धरून उभा. उजेड नावालाच होता, पण चेहऱ्यावरची रेघ न् रेघ दिसत होती. आम्ही तो फोटो बराच वेळ बघत बसलो.

ज्या सभासदांच्या घरी अशी होतकरू मुले-मुली असतील, त्यांनी हे पान त्यांना वाचायला द्यावे, ही विनंती. यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे, त्या सर्वांना आमच्या शुभेच्छा.

कळावे.