कृपा आणि कर्म

माहूरच्या गडावर रेणुकामातेच्या दर्शनास निघालेला यात्रेकरू पायऱ्या आपल्याच पायांनी चढतो. तथापि दर्शन घडले म्हणजे आईने बोलावले म्हणून आलो, असे म्हणतो. श्रम आपले व श्रेय देवीचे, ह्यात त्यास विसंगती वाटत नाही. ख्रिस्ती धर्माने हा विचार आणखी पुढे नेला आहे. पायरी चढण्याची इच्छादेखील देवाचेच दान होय, असे तो धर्म सांगतो. ह्या दानालाच 'कृपा' म्हणतात.

पापामुळे मनुष्याचा आत्मा केवळ दुबळा नव्हे, तर मृतवत झाला आहे, असे ख्रिस्ती शास्त्र मानते. आजाऱ्यास औषधासाठी हात पुढे करता येतो. मृतास तेही साधत नाही. त्यास जीवन द्यावयाचे ते देवानेच, आणि तेही पात्रता न पाहता, स्वेच्छेने. पौल प्रेषिताने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात हेच प्रतिपादन आहे. पुढे पेलाजियस नामक तपस्व्याने स्वप्रयत्नावर भर दिला, तेव्हा ऑगस्टीनने त्याचे खंडन केले, व इ. स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसच्या मताचा निषेध केला. वैष्णव आचार्यांतही असाच वाद झाला आहे. वानरीचे पिल्लू आईस स्वतः बिलगते. मांजरीच्या पिल्लास आईच तोंडात धरून नेते. ऑगस्टीनचे मत ह्या दुसऱ्या दृष्टान्ताजवळचे होय.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात ह्या तत्त्वाचा प्रत्यय येतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणे सांगत सहकुटुंब तीर्थयात्रा करीत. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईबाप निवर्तले. त्यानंतरही रमाबाई भावासह पायी हिंडत राहिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु खरे समाधान तेव्हाही लाभले नाही. सुमारे आठ वर्षांनी हॅस्लम नामक इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. उपदेशकाचे काम करीत असतानाच त्या गृहस्थास आपला अंतरात्मा अद्याप जागा झालेला नाही, असे उमगले होते. आपण धर्म स्वीकारला, परंतु ख्रिस्त लाभला नाही, हे रमाबाईंना त्यावरून कळून आले. मोक्ष मिळवावयाचा नसून तो विनामूल्य स्वीकारावयाचा आहे, ही त्यांची पुढील श्रद्धा. १९०७ साली त्यांनी ती स्वतःच लिहून ठेवली.

येथे एक शंका सहज उद्भवते. सर्व काही कृपेनेच होत असेल, तर मनुष्याने स्वस्थ बसावे काय? रमाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातील शेकडो निराधार मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या, केडगावी मुक्तिसदन उभारले, आणि १९२२ मध्ये देहावसान होईपर्यंत बायबलाच्या मराठी भाषांतरात त्या गढून राहिल्या. ज्यांच्याजवळ देण्यास काहीच नव्हते, अशांनाच त्यांनी घरात घेतले. हे कर्म कृपेचे मोल नव्हे. ते तिचे फळ होय. वृक्ष फळतो तो जिवंत व्हावे म्हणून नव्हे, जिवंत आहे म्हणून.